काळा पडदा आणि आपली अभ्यासिका

संगणकाचे बटण दाबले, पंखा फिरला, कंपनीचे चिन्ह येऊन गेले आणि मग ओळखीच्या चित्रांऐवजी काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ एवढाच शब्द आणि त्यापुढे एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो: मशीन गेले. ते उचलून दुकानात नेले जाते. दुकानदार तासाभरात विंडोजची चोरीची प्रत टाकून पैसे घेतो, नाहीतर ‘मदरबोर्ड उडालाय, चाचा’ असे सांगून भंगाराचा भाव करतो. खरे तर ती लुकलुकणारी रेघ म्हणजे मशीन जिवंत असल्याचा पुरावा आहे. प्रोसेसर चालला, मेमरी सापडली, डिस्क वाचली गेली, ऑपरेटिंग सिस्टिम उठून बसली आणि तुमच्या हुकमाची वाट पाहते आहे. फक्त एक प्रोग्राम उभा राहिलेला नाही. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात.

हा एक प्रोग्राम उभा करता येणारा निदान एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात असला पाहिजे, असे माझे मत आहे. तो उभा करताना कोणता निवडायचा, हा प्रश्नही निव्वळ आवडीनिवडीचा नाही. त्या संगणकावर आपण जे टाइप करतो ते आणखी कोणाला वाचता येईल, हे त्या निवडीवर ठरते. घरच्या संगणकावर हे दुर्लक्षित करता येईल. अभ्यासिकेत, जिथे दुसऱ्यांची मुले आपला आधार क्रमांक आणि पासवर्ड विश्वासाने टाइप करतात, तिथे हा अमानतीचा मामला आहे.

हा विषय आमच्याकडे आला तो मायक्रोसॉफ्टमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. त्यामुळे कित्येक कार्यालयांतले धडधाकट संगणक एका तारखेने निकामी ठरले. त्यांतलेच नऊ आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला मिळाले. प्रत्येकी ४ जीबी मेमरी, जुने मॉनिटर, आणि एक कीबोर्ड असा की त्यातली ‘एम’ची कळ कोणीतरी आठवण म्हणून काढून नेलेली.

“विंडोज ११ जबरदस्तीने बसवता येते बेटा, किल्लीही फुकट मिळते,” असे एक बुजुर्ग म्हणाले. येते, हे खरे आहे. पण ताटातल्या बोटीसाठी चार दुकाने फिरून हलालची खात्री करणारे आपण, संगणकात मात्र कुलूप तोडून आणलेली वस्तू बिनदिक्कत वापरतो आणि तिच्यावर मुलांना ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर निबंध टाइप करायला लावतो. शिवाय त्या फुकट किल्लीबरोबर काय काय आत येते, हे किल्ली देणारा सांगत नाही. तेव्हा लिनक्स ठरले, आणि त्यातही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३. एक सावधगिरी इथेच सांगतो. या आवृत्तीपासून डेबियनने ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आहे. तुमच्याकडचे मशीन ६४ बिटचे आहे ना, एवढे आधी पाहा. कोअर टू ड्युओ असेल तरी चालते.

आता डिस्प्ले सर्व्हर म्हणजे काय, ते पाहू. दावतीत दस्तरखान एकच असतो आणि पदार्थ आणणारे अनेक. ब्राउझर, लिहिण्याचा प्रोग्राम, कॅल्क्युलेटर हे सगळे आपापला पदार्थ शिजवून आणतात. पण कोणाचे ताट कुठे मांडायचे, कोणावर कोण येणार, पाहुण्याने मागितलेली वस्तू कोणाकडून आणायची, हे पाहणारा यजमान एकच लागतो. पडदा, कीबोर्ड आणि माऊस या तीन गोष्टी ज्याच्या ताब्यात असतात तो डिस्प्ले सर्व्हर. म्हणून त्याला सर्व्हर म्हणायचे. नवख्या माणसाची इथे गल्लत होते, कारण सर्व्हर म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर दूरच्या शहरातली थंड खोली येते. इथे सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो, आणि त्याच्याकडून सेवा घेणारा प्रोग्राम मात्र जगाच्या दुसऱ्या टोकाच्या संगणकावर चालत असू शकतो.

ही उलटी वाटणारी मांडणी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून आली. तिथे १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथेना सुरू झाले. वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक विद्यार्थ्यांना एकसारखे वापरता यावेत, हा त्याचा हेतू. १९८४ मध्ये बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी स्टॅनफर्डमधल्या ‘डब्ल्यू’ नावाच्या खिडक्यांच्या प्रणालीवरून पुढची तयार केली. डब्ल्यूनंतरचे अक्षर एक्स, म्हणून तिचे नाव एक्स. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि एक्स ११ हे नाव आजही तेच आहे. ज्या वयाच्या संगणकाला आपण भंगारात काढतो त्याच्या तिप्पट वयाची ही पद्धत अजून रोज वापरात आहे.

साध्या पीसीवर ती आणणारा मोफत प्रकल्प म्हणजे १९९२ चा एक्सफ्री ८६. त्या काळात पडदा उभा करणे हे खरोखर जिकिरीचे काम होते. एका फाइलमध्ये मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारिता हाताने लिहावी लागे. चुकीचे आकडे दिले तर जुन्या काचेच्या मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा कागदपत्रांतच दिलेला असे. २००४ मध्ये परवान्याच्या अटींवरून भांडण झाले, बहुतेक लिनक्सवाल्यांनी एक्सफ्री ८६ सोडून एक्स डॉट ऑर्गचा रस्ता धरला, आणि २००७-०८ च्या सुमारास ती फाइल न लिहिताही सर्व्हर स्वतःच मॉनिटर ओळखू लागला. आज डेबियनवर एक्स बसवायला एक ओळीचा हुकूम पुरतो आणि ‘स्टार्टएक्स’ म्हटले की पडदा उजळतो. उजळला तर उत्तमच. नाही उजळला तर काय, हे माहीत असणे ही माझ्या दृष्टीने खरी तालीम.

त्याआधी आपल्या अक्षरांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा या सर्व्हरशी थेट संबंध आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. जुन्या एक्समध्ये अक्षरे काढण्याचे काम सर्व्हरकडेच होते. प्रोग्रामने सांगायचे, अमुक क्रमांकाचे अक्षर अमुक जागी काढ. सर्व्हर ते ठोकळ्यासारखे तिथे ठेवणार. इंग्रजीचे यात भागते. पण ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ हे ठोकळ्याशेजारी ठोकळा ठेवून होत नाही, आणि उर्दूच्या नस्तालीकमध्ये तर प्रत्येक हरफ शेजाऱ्याकडे पाहून आपले रूप आणि उंची बदलतो. म्हणजे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा त्या सर्व्हरच्या दारात एकाच कारणाने अडल्या होत्या. २००० च्या आसपास कीथ पॅकार्ड यांनी रेंडर नावाची भर घातली आणि अक्षरे घडवण्याचे काम प्रोग्रामच्या बाजूला गेले. तिथे पँगोसारख्या लायब्ररींनी जोडाक्षरे नीट लावली. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मोफत खुले केले. कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी त्यांवर पुढे बराच काळ काम केले. डेबियनवर मराठी वाचताना तुम्ही पुष्कळदा याच लोहितची अक्षरे वाचत असता. मराठी आणि उर्दू यांना दोन वेगळ्या कप्प्यांत टाकू पाहणाऱ्यांना हा इतिहास जरूर सांगावा.

आता काळ्या पडद्याकडे येऊ. नऊपैकी एका संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. दोन आठवडे नीट चालला आणि एका सकाळी अपडेटनंतर फक्त ‘लॉगिन’. मुलांनी जाहीर केले, “भाईजान, मेला.” कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या कळा एकदम दाबल्या की अशा वेळी साध्या अक्षरांचा पडदा मिळतो. तिथे नाव-पासवर्ड देऊन आत जायचे आणि एक्सची नोंदवही उघडायची. ती लॉग फोल्डरात असते, काही वेळा वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात. शेकडो ओळी असतात, पण सगळ्या वाचायच्या नसतात. प्रत्येक ओळीच्या आधी कंसात खूण असते. दोन डब्ल्यू म्हणजे इशारा, दोन ई म्हणजे चूक. दोन ई असलेल्या ओळी तेवढ्या शोधायच्या. आमच्या नोंदवहीच्या शेवटी होते, ‘नो स्क्रीन्स फाउंड’.

मुले हसली, आणि हसण्यासारखेच आहे. डोळ्यांसमोर पडदा आहे आणि हा म्हणतो पडदा सापडला नाही. पण एक्सच्या भाषेत ‘स्क्रीन’ म्हणजे काचेचा मॉनिटर नव्हे. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि मॉनिटर यांची जोडी जमली की जे तयार होते ते ‘स्क्रीन’. जोडी जमली नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. कारणही वर दोन ओळींत लिहिलेले होते. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला होता आणि कार्डाच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केले, कर्नलमधल्याच खुल्या ड्रायव्हरने जागा घेतली. वेग थोडा कमी झाला. अर्ज भरायला आणि व्याख्याने पाहायला तो पुरेसा आहे. ज्या ड्रायव्हरचे पोट उघडून कोणाला पाहता येत नाही, त्याच्यावर सार्वजनिक जागेतला संगणक अवलंबून ठेवू नये, असे माझे पूर्वीही मत होते.

दुसऱ्या एका मशीनची तक्रार वेगळी होती. पडदा आला, पण ताणलेला, १०२४ बाय ७६८ चा, माणसांचे चेहरे आडवे पसरलेले. मॉनिटर १४४० बाय ९०० चा होता. प्रत्येक मॉनिटर स्वतःची ओळख एका छोट्या माहितीच्या तुकड्यातून संगणकाला सांगत असतो, आणि जुन्या व्हीजीए केबलमध्ये त्यासाठी वेगळ्या पिना असतात. या मॉनिटरची केबल त्याला कायमची जोडलेली होती आणि तिची नेमकी तीच एक पिन तुटलेली. म्हणजे मॉनिटर मुका झाला होता, आंधळा नव्हता. सर्व्हरला त्याची ओळख पटेना म्हणून त्याने सर्वांना चालेल असे माप लावले.

इथे १९९० च्या दशकातली विद्या कामाला आली. ‘सीव्हीटी’ हा हुकूम देऊन १४४० आणि ९०० हे आकडे सांगितले की तो एक ओळ तयार करून देतो. त्यात १०६.५० मेगाहर्ट्झ असते, आणि १४४० नंतर वाढत वाढत १९०४ पर्यंतचे आकडे, ९०० नंतर ९३४ पर्यंतचे. दिसणार १४४० ठिपके, मग १९०४ कशाला? कारण काचेच्या मॉनिटरमध्ये किरण एका ओळीच्या शेवटी पोचला की परत डावीकडे यायला त्याला वेळ लागे. तो परतीचा वेळ या आकड्यांत धरलेला आहे. १९०४ गुणिले ९३४ करा आणि १०६.५० मेगाहर्ट्झला त्याने भागा, सेकंदाला जवळजवळ ६० चित्रे निघतात. दहावीतल्या एका मुलीने हा भागाकार कागदावर करून पाहिला आणि उत्तर जुळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मला कोणत्याही ‘कॉम्प्युटर कोर्स’च्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे वाटते. तीच ओळ ‘एक्सरँडर’ या हुकमाला दिली, लॉगिन होताना आपोआप चालेल अशा फाइलमध्ये ठेवली, चेहरे पुन्हा गोल झाले.

इथवर मी एक्सची तारीफच केली. आता त्याचा दोष, आणि तो लहान नाही.

एक्स ज्या काळी घडला तेव्हा दस्तरखानावर बसलेले सगळे ओळखीचे असत. त्यामुळे कोणी कोणाच्या ताटात पाहायचे नाही असा नियमच केला गेला नाही. आजही एक्सवर एकाच सत्रात चालणारा कोणताही प्रोग्राम बाकी सगळ्यांच्या कळा ऐकू शकतो आणि त्यांच्या खिडक्यांचे चित्र घेऊ शकतो. त्यासाठी ना व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो, ना काही फोडावे लागते. मी मुलांना हे करून दाखवले. एका खिडकीत ‘एक्सइनपुट’ हा साधा, तपासणीसाठीच असलेला प्रोग्राम चालू केला. दुसऱ्या खिडकीत एका मुलाला खोटाच पासवर्ड टाइप करायला सांगितला. त्याच्यासमोर ठिपके उमटत होते आणि पहिल्या खिडकीत आकडे झरत होते. ३८ आला की ‘ए’ ही कळ दाबलेली असते. ठिपक्यांमुळे पासवर्ड मागे उभ्या असलेल्या माणसापासून लपतो, शेजारच्या प्रोग्रामपासून नाही. खोलीत एकदम शांतता झाली. त्याच आठवड्यात तिथे वीसेक मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते.

जुनेपणाचा आणखी एक धोका असतो. जानेवारी २०१४ मध्ये एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागात एक गंभीर चूक सापडली. ती १९९१ पासून तिथे होती. म्हणजे बावीस वर्षांहून अधिक काळ हा कोड सर्वांसाठी उघडा होता आणि कोणी नीट पाहिले नव्हते. ‘कोड खुला आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असे छातीठोक सांगणाऱ्या माझ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे. खुले पुस्तकसुद्धा कोणीतरी वाचावे लागते.

या सगळ्याला कंटाळून २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचे ते नाव. ते स्वतः तेव्हा रेड हॅटमध्ये होते, आणि पुढे वेलँडला हात देणाऱ्यांत एक्सवर वर्षानुवर्षे काम केलेलीच पुष्कळ मंडळी होती, हे महत्त्वाचे. घर ज्यांनी सांभाळले तेच म्हणाले की आता डागडुजी पुरे. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रामला फक्त आपले ताट दिसते. दुसऱ्याच्या कळा ऐकायच्या नाहीत, पडद्याचे चित्र हवे तर वापरणाऱ्याची परवानगी मागायची. २०१२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, नोव्हेंबर २०१६ मध्ये फेडोरा २५ ने ते आपणहून पुढे केले. उबंटूने २०१७ च्या ऑक्टोबरात स्वीकारले, पुढच्याच आवृत्तीत मागे घेतले, २०२१ मध्ये परत आणले आणि २०२५ च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीत आपल्या मुख्य डेस्कटॉपमधून एक्सचे सत्रच काढून टाकले. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतही, म्हणजे मे २०२५ पासून, एक्सचा स्वतंत्र सर्व्हर नाही. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून एक्सवेलँड नावाचा दुभाषा तेवढा ठेवला आहे.

यावरून जी भांडणे चालतात ती वाचली की मला आपल्याकडच्या काही वादांची आठवण येते. एक बाजू म्हणते जुने ते सगळे टाकाऊ, दुसरी म्हणते नवे ते सगळे कारस्थान, आणि अभ्यासिकेत बसलेल्या मुलीचा अर्ज आज संध्याकाळपर्यंत कसा भरायचा हे दोघांनाही सांगता येत नाही. माझा निर्णय कामावरून झाला. ज्या पाच संगणकांवर अर्ज भरले जातात, बँकेची आणि परीक्षेची संकेतस्थळे उघडली जातात, तिथे वेलँड. तिथे भारी डेस्कटॉप न घेता लॅबडब्ल्यूसी आणि त्यावर एलएक्सक्यूटी बसवले. ४ जीबीत आरामात चालते. ‘वेलँड जुन्या मशीनला झेपत नाही’ असे जे म्हणतात त्यांनी रास्पबेरी पायकडे पाहावे. तळहाताएवढ्या त्या संगणकाची सिस्टिम २०२४ पासून याच लॅबडब्ल्यूसीवर चालते.

वेलँड लावले म्हणजे दार बंद झाले, असे मात्र समजू नका. एक्सवेलँडमधून चालणारे जुने प्रोग्राम आपापसांत पूर्वीसारखेच एकमेकांचे ऐकू शकतात. म्हणून ब्राउझर थेट वेलँडवर चालतो ना, ते पाहावे लागते. फायरफॉक्स १२१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून, आपणहून तसा चालतो. ब्राउझरमध्ये घातलेली फालतू एक्स्टेन्शन्स आणि साठवून ठेवलेले पासवर्ड यांच्यापुढे वेलँडचा इलाज नाही. त्यासाठी आम्ही पाहुण्यांचे वेगळे खाते केले आहे आणि लॉगआउट झाले की ते पुसले जाते. मुले सुरुवातीला कुरकुरली, “भाईजान, माझी फाइल गेली.” आता पेनड्राइव्ह आणतात.

कळफलकाचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो म्हणून सांगतो. मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उर्दूचा फोनेटिक, दोन्ही कळफलक एक्सच्या जुन्या याद्यांत आहेत आणि वेलँड त्याच याद्या वापरते. ज्याला निवृत्त करायला निघाले त्याचीच वही चालू ठेवली आहे. पण ‘केएचयूप’ असे टाइप करून ‘खूप’ मिळवायची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स हा आणखी एक प्रोग्राम लागतो, आणि तो वेलँडवर प्रत्येक डेस्कटॉपमध्ये वेगळ्या रीतीने जोडावा लागतो. केडीईमध्ये तर त्याची जागा ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या शीर्षकाखाली आहे, जिथे कोणी शहाणा माणूस पाहायला जाणार नाही. वेलँडच्या मंडळींनी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचा विचार आधी केला आणि बाकीच्यांचा सवडीने, हा माझा आक्षेप आहे. नवी मुले इनस्क्रिप्ट शिकली तर ही कटकट राहत नाही, आणि त्यांनी ते शिकावे.

उरलेल्या तीन संगणकांवर एक्स ठेवला. एक तो ग्राफिक्स कार्डवाला, त्याला पुन्हा छेडायची इच्छा नव्हती. दुसरा मुक्या मॉनिटरचा. वेलँडवर ‘एक्सरँडर’ची ती युक्ती चालत नाही, तिथे कर्नलला सुरुवातीलाच माप सांगावे लागते किंवा प्रत्येक डेस्कटॉपची वेगळी वाट शोधावी लागते. तिसऱ्या संगणकाचे कारण जास्त गंभीर आहे. आमच्याकडे एक दृष्टिहीन मुलगा येतो. तो ओर्का या वाचकावर काम करतो. ओर्का पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, मराठीतही आणि उर्दूतही. अशा प्रोग्रामला सगळ्या खिडक्यांच्या कळा ऐकाव्याच लागतात. वेलँडने जे दार चोरासाठी बंद केले ते या मुलाच्या काठीसाठीही बंद झाले. त्यावर उपाय होत आहेत, नोमने २०२५ मध्ये बरेच काम केले. पण हलक्या डेस्कटॉपवर ते अजून भरवशाचे नाही. त्या संगणकावर अर्ज भरताना दुसरा एकही प्रोग्राम उघडायचा नाही आणि त्यावर कोणी काही इन्स्टॉल करायचे नाही, एवढा नियम केला आहे.

नववे मशीन सुट्या भागांसाठी आहे. ‘एम’ची कळ आम्ही तिथूनच घेतली.

आपल्या अंजुमन, मदरसे आणि शाळांत संगणक-कक्षाचे उद्‌घाटन मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. फीत कापली जाते, दात्याच्या नावाची पाटी लागते, आणि दोन वर्षांनी तिथे प्लास्टिकच्या आच्छादनाखाली बंद पडलेली मशीन दिसतात. पैसे वस्तूसाठी जमतात, ती सांभाळणाऱ्या माणसाच्या शिकण्यासाठी जमत नाहीत. केरळमध्ये सरकारी शाळांनी आधी ‘आयटी अॅट स्कूल’ आणि आता ‘काईट’ या नावाने लिनक्सवर आधारलेली स्वतःची सिस्टिम वर्षानुवर्षे चालवली, ती शिक्षकांना आधी शिकवून. पुढच्या वेळी कोणी मला दहा संगणक देतो म्हणाले, तर मी आठ मागेन आणि उरलेल्या दोघांच्या पैशांत दोन पोरांना सहा महिने सांभाळण्याचे काम देईन. यावर कमिटीत मतभेद आहेत. एका सदस्यांचे म्हणणे, पाटीवर ‘आठ’ बरे दिसत नाही.

डेबियन १३ ला सुरक्षेची दुरुस्ती २०२८ च्या ऑगस्टपर्यंत मिळेल, आणि त्यानंतर दीर्घ मुदतीच्या सोयीत २०३० पर्यंत. तोवर ते तीन संगणक एक्सवर बिनघोर राहू शकतात. ओर्काचे काम पूर्ण झाले की त्या मुलाचा संगणक मी सर्वांत आधी बदलणार आहे. सध्या दर नव्या आवृत्तीनंतर तो स्वतः वेलँडवर तासभर बसून पाहतो आणि काय बोलले, काय बोलले नाही, याची यादी मला देतो. मागच्या यादीत अकरा नोंदी होत्या, या वेळी चार आहेत.